पाटीला हात

पाऊस परतला की आमच्या नरपडला दोन वास एकदम येतात. एक वाळत घातलेल्या बोंबलांचा. तो सगळ्यांना कळतो, त्यावरून पाहुणे नाकाला रुमालही लावतात. दुसरा वास शेवाळाचा. चार महिने भिंतीला, पायरीला, ओट्याला चिकटून राहिलेलं हिरवं-काळं शेवाळ आश्विनाच्या उन्हात तडकायला लागलं की त्याला उपसलेल्या विहिरीच्या तळासारखा वास येतो. तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या येतो. नव्वदीला टेकलो, नीट ऐकू येत नाही, पण तो वास आला की मला बसल्या जागी लाज वाटायला लागते.

परवा शेजारच्या बंगल्यात दोन माणसं यंत्र घेऊन आली होती. बंगल्याचा मालक मुंबईला असतो, दिवाळीला येतो. यंत्र विजेवर चालतं, पाण्याची बारीक धार सोडतं आणि ती धार जिथे लागेल तिथलं शेवाळ सालपटासारखं निघतं. मी खुर्ची ओढून कुंपणापाशी बसलो. धरणारा माणूस धार सरळ भिंतीवर मारत होता. मला राहवलं नाही.

"तिरकी धर," मी म्हटलं. "आणि दोन वीत लांब. दगडांमधला चुना निघेल."

"बाबा, हे सिमेंट आहे," तो म्हणाला. "तुम्ही जरा मागे बसा, अंगावर उडेल."

मी मागे बसलो. नातसून चहा घेऊन आली, म्हणाली, "तुम्हाला हो काय माहीत त्यातलं?" मी म्हटलं, बघून कळतं. खोटं बोललो. या घरात कोणालाच ठाऊक नाही की एके काळी मीही हाच धंदा केला. विजेशिवाय केला, एका पायाने आणि दोन हातांनी केला. आणि त्या धंद्याचं नाव काढलं नाही ते का, हे तर कोणालाच ठाऊक नाही. मी चौथीपर्यंत शिकलो. लिहायचं म्हणजे मला जाळं विणण्यापेक्षा जड. पण हे तोंडाने सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितो.

आणे जाऊन नवे पैसे आले, त्या सुमाराची गोष्ट. आमची होडी शिडाची. बापूस, काका आणि मी तिच्यावर. आमची जाळी समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधायची. ओढ जोराची असली की पाणीच मासळी जाळ्यात आणून भरतं. पुनव-अमावस्येच्या उधाणाला ओढ असते. मधल्या दिवसांत, अष्टमीच्या आगेमागे, पाणी मेल्यासारखं होतं. त्याला आम्ही भांग म्हणतो. भांगाचे चार-पाच दिवस जाळी टाकून उपयोग नाही. बापूस त्या दिवसांत जाळी सांधायचा, काका झोपायचा. मी वीस वर्षांचा होतो. मला झोप यायची नाही.

डहाणूला एका भंगारवाल्याच्या दुकानात मला तो पंप दिसला. लढाईच्या वेळी आगी विझवायला आणले होते तसले पंप, नंतर भंगारात आले. पितळेची उभी नळी, वर दांडा, बाजूला लोखंडी पट्टी. नळी बादलीत सोडायची, बाहेर राहिलेल्या पट्टीवर एक पाय दाबून धरायचा, एका हाताने दांडा वरखाली करायचा, दुसऱ्या हातात रबरी नळी धरायची. नळीच्या तोंडाला पितळी टोक. खरं तर ते दोन माणसांचं काम. मी एकट्याने शिकलो. भंगारवाला म्हणाला, "काय करशील रे याचं? होडीला आग लागली तर समुद्र आहेच की." मी काहीतरी उत्तर दिलं असेल, आठवत नाही. पंपाच्या आतलं चामडं वाळून तडकलं होतं. बापसाने जुन्या वहाणेचं चामडं कापून, शार्कच्या तेलात मुरवून बसवलं. आयने चिंचेने पितळ घासलं. इतकं घासलं की त्यात तोंड दिसायला लागलं.

आय म्हणजे माझी आई. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन नरपडहून डहाणूपर्यंत चालत जायची, घरोघर विकून परत यायची. तिने पंपाच्या पितळेत स्वतःचं तोंड पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "कोणाचं घर ओलं करणार याने?"

डहाणू स्टेशनवरून समुद्राकडे येणाऱ्या रस्त्याला लागून एक आळी होती. तिला साहेबांची आळी म्हणत. साहेब म्हणजे फार मोठे नव्हेत. कचेरीतले कारकून, शाळामास्तर, रेल्वेचे बाबू. पण पगारदार. मंगलोरी कौलांची घरं, शहाबादी फरशीचे ओटे, पुढे दोन-तीन पायऱ्या, दगडी कुंपण. पावसाळ्यानंतर त्या ओट्यांवर पाय ठेवणं म्हणजे होडीच्या तळावर चालण्यासारखं. दरवर्षी कोणीतरी पडायचं. त्या वर्षी एक म्हातारे मास्तर पायरीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडून खाटेला लागले. मी दुसऱ्या दिवशी पंप खांद्यावर टाकून त्यांच्या दारात उभा राहिलो. तेवढं धारिष्ट्य माझ्यात होतं. आदल्या संध्याकाळी कळीचा चुना पाण्यात सोडून शेवाळावर मारून ठेवायचा, सकाळी काथ्याने घासायचं, मग धार सोडायची. मास्तरांनी खाटेवरून मान वळवून पाहिलं. हिरव्याच्या खालून फरशी निळी-करडी बाहेर आली तेव्हा ते म्हणाले, "अरे, ही या रंगाची आहे होय?" मला जाळ्यात घोळ मासा लागल्यासारखा आनंद झाला.

चुका केल्या नाहीत असं नाही. एका गुजराती शेठच्या घरी धार इतकी जवळून मारली की भिंतीचा गिलावा पोपडे धरून खाली आला. शेठ पंचा नेसून बाहेर आला, म्हणाला, "अरे भाई, तू भींत धुए छे के खोदे छे?" दुसऱ्या एका घरी कौलांवर खालून वर धार मारली. पाणी कौलांखाली शिरून माळ्यावरच्या पापडांवर पडलं. त्या घरच्या म्हातारीने मला पापड वाळेपर्यंत अंगणात काठी घेऊन कावळे हाकायला बसवलं. बसलो. पण तिसऱ्या भांगापर्यंत मला हाताच्या अंदाजाने कळायला लागलं, कुठला दगड किती धार सोसतो ते.

लोकांना गंमत वाटायची ती माझ्या दिवसांची. ते म्हणत, रविवारी ये. मी म्हणे, अष्टमीला येतो. ते म्हणत, हा काय उपास करतो की काय. मी कारण सांगत नसे. कारण सांगितलं तर मी कोण ते सांगावं लागलं असतं.

इथून लाजेची गोष्ट सुरू होते.

त्या घरांत मासळी चालायची, मासळीचा वास चालायचा नाही. खाऊन झाल्यावर ताटं राखेने दोनदा घासत. विहिरीवरून पाणी काढून माझी बादली भरायची असे, त्यांच्या पिंपाला हात लागायचा. कोळ्याचा हात म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं असतं की नसतं, मला ठाऊक नाही. मी विचारलंच नाही. आधीच ठरवून टाकलं. भांगाच्या दिवशी पहाटे उठून मी राखेने आणि लिंबाच्या पाल्याने हात चोळायचो, कातडी लाल होईपर्यंत. खाकी सदरा वेगळा ठेवला होता, तो घरात टांगायचो नाही, बाहेर पेरूच्या झाडाला टांगायचो, वास लागू नये म्हणून. आय ते बघायची. एकदा म्हणाली, "सदरा झाडाला, तर तू पण झाडावरच राहा." आम्ही दोघं हसलो. तेव्हा हसू आलं.

आणि कोणी विचारलं, कुठला रे तू, तर मी सांगायचो, वाणगावचा. वाडीत कामाला आहे. तिथे भाजीच्या वाड्या होत्या, वाडीतला माणूस म्हणजे मातीतला माणूस, त्याला वास नाही. एकदा सांगून बसलो, मग तेच सांगत राहिलो.

आळीतल्या शेवटच्या घरात रेल्वेच्या मालकचेरीतल्या एका बाबूचं बिऱ्हाड होतं. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. माणूस वाईट नव्हती, हे मुद्दाम लिहितो, नाहीतर सगळा दोष तिच्यावर टाकून मी मोकळा होईन. पहिल्याच दिवशी तिने मला कपबशीतून चहा दिला. कान तुटलेली कपबशी नव्हे, घरातली. आणि म्हणाली, "अहो वाणगावकर, बसा जरा. किती वेळ वाकून आहात."

अहो. मला जन्मात कोणी अहो म्हटलं नव्हतं. बंदरावर, बाजारात, शाळेत, सगळीकडे अरे. कचेरीत गेलं तर ए. वीस वर्षांच्या पोराला एका पगारदाराच्या बायकोने अहो म्हटलं आणि मी त्या शब्दाला गळाला लागावं तसा लागलो. नाव माझं नव्हतं, गाव माझं नव्हतं, पण अहो मलाच म्हटलेलं होतं. त्यासाठी मी तिचं कुंपण एक हात जास्तच धुऊन दिलं.

माझं नाव पार तलासरीपर्यंत गेलं. तिथल्या एका सरकारी बंगल्याचा ओटा धुवायला मला बोलावलं. गवताच्या गाठी भरायला चाललेल्या रिकाम्या ट्रकच्या मागे पंप धरून बसून गेलो, झरी गावाच्या बाजूने. दोन्हीकडे भात पिवळं झालेलं, मधे मधे गवत माणसापेक्षा उंच. बंगल्याबाहेर एक वारली म्हातारी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन थांबली आणि बघत राहिली. मग म्हणाली, "पानी मारून दगड धुवतोस? मग चार महिने पाऊस काय करीत होता?" मी दांडा मारत राहिलो. तिने जरा वाट पाहिली आणि मोळी घेऊन निघून गेली. तेव्हा मला राग आला होता. एवढा मान मिळवणारा मी, आणि ही मला दगड धुणारा म्हणते. आता वाटतं, दिवसभरात खरं बोलणारी ती एकटीच भेटली.

आयची आणि माझी गाठ त्या आळीत पडेल अशी भीती मला का वाटली नाही, हे सांगायला हवं. ती त्याच आळीत मासळी विकायची. तीन-चार घरं तिची बांधलेली होती, वहिनींचंही. पण ती जायची मासळी असेल तेव्हा, म्हणजे उधाणाला. मी जायचो मासळी नसेल तेव्हा, म्हणजे भांगाला. आमचे दोघांचे दिवस चंद्रानेच वेगळे करून ठेवलेले. मी पक्का हिशेब केला होता की समुद्र आम्हाला समोरासमोर आणणार नाही. समुद्रावर जन्मलेल्या माणसाने असा भरवसा ठेवावा, याचं आज नवल वाटतं.

दिवाळीच्या आधीचा भांग होता. वहिनींचा ओटा धुवायचा दुसरा फेरा. सकाळपासून वाकून मी तिन्ही पायऱ्या आणि ओटा आरशासारखा केला होता. पाणी अजून फरशीवरून निथळत होतं, उन्हात वाफ येत होती. वहिनी दारात उभ्या राहून कौतुकाने बघत होत्या. आणि फाटकाची कडी वाजली.

"वहिनी, बोय हाय बोय. खाडीची. जिती हाय अजून."

काकाला आदल्या दिवशी झोप आली नव्हती म्हणे. पहाटे खाडीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन गेला आणि त्याला बोयींचा थवा लागला. भांगाला कधी नव्हे ती पाटी भरली. मी घरातून आधीच निघालो होतो, मला हे ठाऊक नव्हतं.

मासळीवाली दारात आली की पाटी एकटीने उतरवायची नसते. पाटी भरलेली, ओली, मानेवरचा भार. घरातलं कोणीतरी पुढे येतं, एका बाजूने हात लावतं, पाटी ओट्यावर येते. विकून झालं की परत हात लावून डोक्यावर चढवून देतं. त्यात उपकार नसतात, मागावंही लागत नाही. वहिनी एरवी स्वतः हात लावायच्या, मग साबणाने धुवायच्या, पण लावायच्या.

आय ओट्यापाशी आली. तिने मला पाहिलं. पितळेचा पंप पाहिला, तिनेच घासलेला. तिचं तोंड उघडलं होतं, हाक मारायलाच.

"अगं थांब थांब," वहिनी म्हणाल्या. "तिथे नको ठेवूस. आत्ताच धुतलाय. आमच्या वाणगावकरांनी सकाळपासून कंबर मोडून घेतलीय."

आयने आमच्या दोघांकडे पाहिलं. वाणगावकर हा शब्द तिने ऐकला, माझा खाकी सदरा पाहिला, माझी मान खाली गेलेली पाहिली. तोंड मिटलं. किती वेळ लागला असेल तिला? ओठावर आलेली हाक गिळायला लागतो तेवढा.

"मग कुठं ठेवू?" ती म्हणाली.

"तिथे तगरीखाली ठेव ना. आणि बाई, आता पुढच्या खेपेपासून मागच्या दारीच ये. इतका छान झालाय ओटा."

मी पंपाची पट्टी पायाखाली धरून उभा होतो. चार पावलं पुढे जायची होती. आयने गुडघे वाकवले, एक हात पाटीला, एक हात जमिनीला, आणि तगरीखालच्या चिखलात एकटीने पाटी उतरवली. उतरवताना पाटीतलं पाणी खालच्या पायरीवर सांडलं.

"वाणगावकर, तेवढ्यावर मारा हो पाणी," वहिनी म्हणाल्या. "वास राहील."

मी दांडा दाबला. धार पायरीवर गेली, पायरीवरून वाहत आयच्या पायांपर्यंत गेली. ती पाय मागे घेऊन बसली नाही. बोयी उचलून दाखवत राहिली. "ही बघा, डोळा बघा. कल्ला लाल हाय."

वहिनी ताट आणायला आत गेल्या. अंगणात आम्ही दोघंच. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. आय एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, कुजबुजून. मी नळीचं टोक पुसत होतो. ती माझ्याकडे बघतच नव्हती, तगरीच्या पानांकडे बघत होती. मला बघायची लाज वाटू नये म्हणून ती बघत नव्हती, हे मला तेव्हाही कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणून सुटायचं नाही मला.

वहिनी आल्या, बोयी घेतल्या, दारातच थांबल्या. आय उठली. पाटी अजून अर्ध्याहून जास्त भरलेली. तिने डोक्यावर चुंबळ नीट केली, पाटीच्या एका बाजूला हात घातला आणि माझ्याकडे वळून म्हणाली,

"भाऊ, जरा हात लावता का पाटीला?"

तिने मला वाट काढून दिली होती. आई म्हणून मागितलं नाही. परक्या माणसाने परक्याला म्हणावं तसं म्हणाली, लावता का म्हणाली. कुठलाही वाटसरू हात लावून गेला असता, त्यात वाणगावचा माणूस नरपडचा झाला नसता. मी काय विचार केला तेही लिहितो. माझ्या मनात आलं की हाताला वास लागेल, मग वहिनी पिंपाला हात लावू देणार नाहीत, आणि अजून आतलं मागचं अंगण धुवायचं राहिलंय.

"माझे हात ओले आहेत," मी म्हटलं. "आणि घाई आहे."

"बरं," ती म्हणाली.

तिने पाटी आधी गुडघ्यावर घेतली, मग छातीपर्यंत, मग एक झटका देऊन डोक्यावर. मासळीचं पाणी तिच्या मानेवरून पोलक्यात गेलं. वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, जपून." फाटकाशी आय थांबली, मान न वळवता वहिनींना म्हणाली, "ओटा झकास धुतलाय हो. माणूस मेहनती दिसतो."

मागचं अंगण मी धुतलं. चहाही प्यालो.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा ती चुलीपुढे होती. बोयीचं कालवण. मला वाढलं, सगळ्यात मोठी तुकडी मला. वाढताना कण्हली. बापसाने विचारलं, काय झालं.

"कमरेत उसण भरली. पाटी एकटीनं चढवली."

"का? कोणी हात लावला नाय?"

"कोणी नव्हतं तिथं," ती म्हणाली.

मी जेवलो. बोयीला फार काटे असतात, खाली बघून जेवायला ते बरे पडतात.

ललित लिहिणारे लोक म्हणतात, ऋतू परत येतो आणि आठवणी फुलतात. माझ्या फुलत नाहीत, हिरव्या होतात, शेवाळासारख्या. वरून उन्हाने वाळतात, वाटतं गेल्या. दुसऱ्या पावसाला पाहावं तर तिथेच. आणि मला शेवाळ काढता येतं, हीच मोठी गंमत. कळीचा चुना, काथ्या, तिरकी धार. आयुष्यात मला उत्तम येणारी हीच एक गोष्ट.

मी माफी मागितली नाही. मागायला गेलो नाही असं नाही. एकदा ती जाळ्याचा दोरा वळत असताना तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, आय. ती म्हणाली, काय. मी म्हटलं, दोरा मी वळतो, दे. तिने दिला. आमच्या घराण्यात मान ताठ, असं लोक म्हणतात, आणि मला त्याचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. पण ती मान कुठे ताठ करायची, एवढं कोणी शिकवलं नाही. पुढे ती आणखी वीस वर्षं जगली. माझ्या लग्नात नाचली, माझी पोरं तिने खेळवली. शेवटच्या दुखण्यात मी तिला उचलून ओट्यावर उन्हात बसवायचो, तेव्हा हलकी झाली होती, पाटीपेक्षाही. तेव्हाही बोललो नाही. ती तिच्या बाजूने विसरली असेल तर का आठवण द्या, असं मी मनाला समजावलं. ती विसरली नव्हती.

कोणी म्हणेल, मग धंदा तरी सोडला असशील. नाही. चार वर्षं केला. पुढे होडीला इंजिन बसलं, भांगालाही लांब जाता यायला लागलं, मोकळे दिवसच राहिले नाहीत, म्हणून सुटला. पश्चात्तापाने सोडला असं लिहायचा मोह झाला होता. एक ओळ लिहिलीही होती, ती खोडली.

आता शेवटचं राहिलं ते सांगतो, खरं तर तेवढंच सांगायचं होतं.

दिवाळी झाली. बोंबलांचा हंगाम भरात आला. किनाऱ्यावर काठ्यांना दोऱ्या बांधून बोंबील टांगलेले, जोडी जोडीने, तोंडात तोंड अडकवून. बायका बसून निवडत होत्या. आय होती, तिच्या शेजारी पारूमावशी. पारूमावशी म्हणजे आयची पाटीवरची सोबतीण, दोघी बरोबर निघायच्या, डहाणूत जाऊन आपापली घरं धरायच्या. तोंडाची फटकळ, पण जीवाला जीव देणारी. मी तिथून चाललो होतो, तिने हाक मारली.

"काय रे, तू जातोस ना डहाणूला पंप घेऊन? साहेबांच्या आळीत ते कुत्रं अजून हाय काय?"

"कुठलं कुत्रं?"

"ऐका. याला म्हायीतच नाय. अरे पिसाळलेलं कुत्रं. शेवटच्या घराशी बसतं म्हणे. तुझी आय सगळ्या बायांना सांगत सुटली, त्या आळीत पाऊल टाकू नका. आम्ही सातही जणी आता खाडीकडून वळसा मारून जातो. माझी दोन घरं गेली त्या आळीतली. मी म्हटलं, दगड घेऊन जाते, हाणते टाळक्यात. तर ही म्हणते, नको गं, नको मारूस त्याला. आपण लांबून जाऊ." पारूमावशी हसली. "पिसाळलेल्या कुत्र्याची दया येते हिला."

बाकीच्या बायकाही हसल्या. आय खाली मान घालून बोंबील निवडत होती. बारीक वेगळे, मोठे वेगळे, तुटके वेगळे. हात थांबला नाही. पारूमावशी माझ्याकडे बघत होती, उत्तरासाठी.

मला सगळं एकदम समजलं. नरपडची एकही बाई त्या आळीत मला पाहू नये, हाक मारू नये, वहिनींसमोर माझं नाव घेऊ नये, म्हणून तिने सात बायकांची वाट बंद केली होती. स्वतःची बांधलेली घरं सोडली होती. दुखत्या कमरेने खाडीचा वळसा घेत होती.

एका शब्दाचं काम होतं. कुत्रं नाही, मावशी, मीच आहे तिथे. सातही जणींना त्यांची वाट परत मिळाली असती. आयचा हात एवढ्यात थांबला, एक बोंबील धरून. ती वाट बघत होती, मी काय बोलतो त्याची.

"हाय अजून," मी म्हटलं. "जाऊ नका."

तिचा हात परत चालू झाला.

त्यानंतरच्या भांगाला मी आळीत गेलो. तुळशीचं लग्न जवळ आलेलं, तीन घरांचे ओटे राहिले होते. ऊन कोवळं होतं, पाणी गार. आणि आय फाटकात आली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच कडीकडे कान न ठेवता मी काम केलं. रस्त्यावरून कोण येतं ते वळून पाहिलं नाही. वहिनी म्हणाल्या, "वाणगावकर, आज शीळ घालताय." खरंच घालत होतो. दगड निळे-करडे बाहेर येत होते, धार बरोबर दोन वीत लांबून बसत होती, आणि मला फार बरं वाटत होतं.